अंगणासाठी वाइड-अँगल कॅमेरा: सगळं दिसायलंय, पण कोण हाय ते?

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात आणि मग मेसेज येतात, ‘दादा, तो दोन पॉइंट आठवाला हिशोब परत सांगा ना’. म्हणून आकड्यांचा भाग इथं जरा जास्त लिहिलाय. बाकी जसं बोललो तसंच.

प्रश्न नांदेडहून आलाय. तरोडा नाक्याकडं नवीन घर, कोपऱ्याचा प्लॉट, दोन बाजूंनी रस्ता. दुकानदार म्हणतोय, १८० अंशाचा एकच कॅमेरा लावा, चार कॅमेऱ्यांचं काम होतंय. घेऊ का?

उत्तर शेवटी देतो. आधी आमच्या घरी काय झालं ते सांगतो. मी स्वतः असाच ‘एकात सगळं’ म्हणून कॅमेरा घेतला होता. कॅमेऱ्याचे पैसे गेले त्याचं फार काही नाही. दुसरंच एक लागून राहिलंय.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. त्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्ण उठवून दुसरीकडं बसवली. जुनी गावं कशी होती ते मी फक्त ऐकलंय: दगड-मातीच्या जाडजूड भिंती, घराला घर चिकटलेलं, एक बोळ, एक दरवाजा. नवीन गावं म्हणजे सरळ रेषेत रुंद रस्ते, प्रत्येक घर सुटं आणि घराभोवती मोकळी जागा. राहायला बरं. पण राखायला? चारी बाजू उघड्या. जुन्या वाड्यात एका दारावर नजर ठेवली की झालं, इथं पूर्ण अंगणच राखावं लागतं. त्यामुळं वाइड-अँगल कॅमेरा हे आमच्याकडं एकदम पटणारं प्रकरण आहे.

मी पुण्यात नोकरीला. घरी आई आणि नाना. २०२४ च्या उन्हाळ्यात सुट्टीला आलो तेव्हा ऑनलाइन एक वायफाय कॅमेरा मागवला. दोन मेगापिक्सल, बॉक्सवर मोठ्या अक्षरात १३० अंश. घराच्या कोपऱ्यावर, छपराखाली, चौदा-पंधरा फुटांवर बसवला. फोनवर बघितलं तर अंगण, पत्र्याचं शेड, फाटक, फाटकाबाहेरचा रस्ता, शेजाऱ्यांची बाभळ, सगळं एका फ्रेममध्ये. मी एकदम खूश. नाना पण खूश. पुण्यात बसून मी दुपारी बघायचो, आईनं वाळवण कुठं घातलंय.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं. कट्टे भरून शेडमध्ये थप्पी मारलेली. भाव नव्हता म्हणून नाना थांबले होते. हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि आडतीवर त्याच्या खालीच चाललेलं. एका रात्री अकरा कट्टे गेले. साठ किलोचा कट्टा धरला तर साडेसहा क्विंटलच्या वर. हमीभावानं मोजले तर बत्तीस हजार.

सकाळी नानांचा फोन. मी म्हणलं, ‘नाना, काळजी करू नका, रेकॉर्डिंग हाय.’ होतंच. रात्री दोनच्या सुमाराला फाटकातून दोन माणसं येतात, शेडमध्ये जातात, एकेक कट्टा खांद्यावर घेऊन बाहेर नेतात. बाहेर एक गाडी उभी, टेम्पो असावा. वीस मिनिटांचा व्हिडिओ. नानांनी फोन डोळ्याजवळ धरून चार वेळा बघितला आणि म्हणाले, ‘आरं, सगळं दिसायलंय. पण कोण हाय ते कुठं दिसायलंय?’

खरंच दिसत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन. झूम केलं की चौकोन मोठा. टेम्पोच्या नंबरप्लेटच्या जागी एक पांढरा डाग.

आणि मग मी गाढवपणा केला. ती क्लिप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, ‘कुणी ओळखतंय का बघा’ म्हणून. अर्ध्या तासात कुणीतरी लिहिलं की डाव्या खांद्यावर कट्टा घेणारा तो अमुकच आहे, त्याची चाल तशीच आहे. दुसऱ्यानं ‘हो, वाटतंय’ म्हणून टाकलं. तिसरा म्हणला, शंभर टक्के. तो मुलगा आमच्याच शेडमध्ये कट्टे उतरवायला यायचा. त्याला दोन-चार जणांनी चौकात गाठून विचारलं. त्या रात्री तो लातूरला मार्केट यार्डात गाडी खाली करायला होता, हे त्याच्या मुकादमानं येऊन सांगितलं, तेव्हा प्रकरण थांबलं. चोर सापडले नाहीत. आणि तो मुलगा त्यानंतर आमच्याकडं कामाला आला नाही. नानांनी दोनदा निरोप पाठवला. येत नाही.

माणसाला समोर काहीतरी अंधुक दिसलं की डोकं बाकीचं भरून काढतं. कॅमेऱ्यानं जे दाखवलंच नव्हतं ते आम्ही त्यात बघितलं.

चेहऱ्याला मिळाले सहा पिक्सल

मग एका रविवारी बसून हिशोब मांडला. इंजिनिअरिंगमध्ये ट्रिग्नॉमेट्री शिकलो ती आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कामाला आली.

कॅमेरा किती अंश बघतो त्यावरून ठरतं की अमुक अंतरावर तो किती मीटर रुंदीचा पट्टा बघणार. साधा अंदाज लक्षात ठेवा: ९० अंशाचा कॅमेरा अंतराच्या दुप्पट रुंदी बघतो. १०० अंशाचा सुमारे २.४ पट. ११० चा जवळपास तीन पट. १२० चा साडेतीन पट. बघा, अंश जरासे वाढले पण पट्टा किती पसरला.

माझ्या कॅमेऱ्याचे १३० अंश हे कर्णाचे होते, म्हणजे चित्राच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे. वायफाय कॅमेऱ्यांच्या बॉक्सवर बहुतेक वेळा हाच आकडा छापतात, कारण तो मोठा दिसतो. टीव्हीचे इंच कसे तिरके मोजतात, तसंच. आडवा कोन त्याहून कमी असतो, माझ्याकडं ११० च्या आसपास. आपल्याला कामाचा आकडा तो आडवा.

घराच्या कोपऱ्यापासून फाटक मोजलं, १८ मीटर. म्हणजे फाटकाच्या ओळीत कॅमेरा ५१ मीटर रुंदी बघत होता. दोन मेगापिक्सलच्या चित्रात आडवे पिक्सल १,९२०. भागा ५१ नं, एका मीटरला ३७ पिक्सल. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद. म्हणजे चेहऱ्याला सहा पिक्सल. हा कागदावरचा हिशोब आहे, खऱ्या भिंगात मधल्या भागाला थोडे जास्त मिळतात, पण सहाचे नऊ झाले तरी त्यात नाक-डोळे बसणार कुठं? तुमच्या फोनवरचा सगळ्यात छोटा इमोजी सुद्धा याहून मोठा असतो.

यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत एका मीटरला किती पिक्सल असले की काय कळतं याच्या पायऱ्या दिल्यात. मीटरला २५ पिक्सल असतील तर ‘कुणीतरी आहे’ एवढं कळतं. ६२ असतील तर कपडे, काय करतोय, हातात काय आहे ते. १२५ ला ओळखीचा माणूस असेल तर ओळखू येतो. आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर २५० लागतात. चांगल्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात याच चार पायऱ्यांची अंतरं मीटरमध्ये छापतात. कॅमेरा घेताना तो तक्ता शोधा. तेच मॉडेल २.८ मिमी भिंगात घेतलं तर काय आणि ४ मिमीत घेतलं तर काय, ते समोरासमोर दिसतं.

आमच्या ३७ पिक्सलमध्ये ‘कुणीतरी आहे’ एवढंच होतं. कॅमेऱ्यानं त्याचं काम बरोबर केलं होतं. चूक मी आणि गावानं मिळून केली, पहिल्या पायरीवर उभं राहून चौथ्या पायरीचं बोललो.

२.८, ४, ६ म्हणजे काय

दुकानात गेलात की दुकानदार विचारतो, ‘दोन पॉइंट आठ का चार का सहा?’ ही भिंगाची फोकल लांबी, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तेवढं चित्र रुंद, आकडा मोठा तेवढं चित्र अरुंद पण जवळचं. चार मेगापिक्सलच्या नेहमीच्या बुलेट किंवा डोम कॅमेऱ्यात २.८ म्हणजे आडवे साधारण १०० अंश, ४ म्हणजे ८०-८५, ६ म्हणजे ५० च्या आसपास. सेन्सर बदलला की आकडा थोडा हलतो, म्हणून शेवटी माहितीपत्रकातला आडवा कोनच खरा.

चार मेगापिक्सल म्हणजे आडवे २,५६० पिक्सल. २.८ च्या भिंगानं अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर तो कॅमेऱ्यापासून चार-सव्वाचार मीटरच्या आत पाहिजे. ओळखीचा माणूस साडेआठ मीटरपर्यंत. हालचाल, कपडे, गाडी आली-गेली हे सतरा मीटरपर्यंत. आणि नुसतं ‘कुणीतरी आहे’ हे चाळीस मीटरच्या पुढंही. हे सगळं दिवसा, स्वच्छ उजेडात.

आता यातून एक मजेची गोष्ट निघते. शहरात तीस बाय चाळीसचा प्लॉट असतो, फूट हां, म्हणजे नऊ बाय बारा मीटर. तिथं घराच्या भिंतीपासून गेट चार-पाच मीटरवर येतं. तिथं एकच वाइड कॅमेरा अंगणही बघतो आणि गेटवरचा चेहराही देतो. तोच कॅमेरा आमच्या गावी नेला की आंधळा. कॅमेरा वाईट नाही, अंतर वेगळं. म्हणून कुणी ‘माझ्याकडं हा आहे, एक नंबर आहे’ म्हणलं तर आधी विचारा, तुझं गेट किती लांब?

मग मेगापिक्सल वाढवले तर? आठ मेगापिक्सल घ्या, आडवे ३,८४०. आमच्या १८ मीटरवर, १०० अंशात, मीटरला ९० पिक्सल. दोन मेगापिक्सलच्या तुलनेत भारीच, पण अजूनही ओळख पटायच्या खूप खाली. उलट चार मेगापिक्सललाच ६ मिमीचं भिंग लावलं तर त्याच फाटकावर १५० पिक्सल मिळतात. भिंग बदललं की जेवढा फरक पडतो तेवढा मेगापिक्सलनं पडत नाही. शिवाय स्वस्त आठ मेगापिक्सलवाल्यात सेन्सर तेवढाच आणि पिक्सल दुप्पट, म्हणजे प्रत्येक पिक्सलच्या वाट्याला उजेड कमी. रात्री तो चार मेगापिक्सलपेक्षा वाईट दिसू शकतो.

विकत घ्यायच्या आधी फोननं बघा

हे करायला एक रुपया लागत नाही. तुमच्या फोनमध्ये ०.५ किंवा ०.६ झूमचं अल्ट्रावाइड असतं. फोन आडवा धरला की त्याचा आडवा कोन बहुतेक फोनमध्ये ९५ ते ११० अंशांत येतो, म्हणजे जवळपास २.८ मिमीचा कॅमेरा. साधा १ झूम साधारण ७० अंश, म्हणजे ४ आणि ६ मिमीच्या मधलं काहीतरी.

आता शिडी लावा, जिथं कॅमेरा बसवायचा तिथं फोन धरा, ०.५ वर फोटो काढा. गेटवर भावाला उभं करा. खाली येऊन फोटो मोठा करून बघा, भाऊ ओळखू येतोय का? हा फोटो बहुतेक बारा मेगापिक्सलचा, चार हजार पिक्सल रुंद, भर दुपारचा. यात जर भावाचा चेहरा नीट येत नसेल, तर रात्री दोन वाजता दोन-चार मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात कुणाचाच येणार नाही. मी हे आधी केलं असतं तर तो कॅमेरा घेतलाच नसता.

याच फोटोत अजून एक बघा, आभाळ किती येतंय. वाइड कॅमेरा सरळ समोर ठेवला तर अर्धी फ्रेम आभाळ. आभाळातून चोर येत नाही. शिवाय ते उजळ आभाळ बघून कॅमेरा सगळं चित्र काळं करतो, विशेषतः पश्चिमेकडं तोंड असेल आणि आपल्याकडचं एप्रिल-मे चं ऊन असेल तर. कॅमेरा खाली झुकवा, क्षितिज फ्रेमच्या वरच्या कडेला आलं पाहिजे. डब्ल्यूडीआर असलेला घ्या, १२० डेसिबलचा लिहिलेला असतो, तो उजेड-सावली बऱ्यापैकी सांभाळतो.

उंचीचं उलटसुलट आहे. अंगणाच्या आढाव्यासाठी दहा ते तेरा फूट बरं, हाताला लागत नाही आणि पसारा दिसतो. पण चेहऱ्यासाठी एवढ्या उंचीवरून जवळ आलेल्या माणसाची फक्त टोपी दिसते, आमच्याकडं तर गमछा. चेहऱ्याचा कॅमेरा आठ फुटांच्या आसपास, फाटकाच्या खांबावर किंवा त्याच्या रोखानं.

तर मग वाइड कॅमेरा घ्यायचाच नाही का? घ्यायचा, नक्की घ्यायचा. आमच्या त्या रद्दी क्लिपनं पण काही गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या: दोघंच होते, फाटकातून आले, कुंपण तोडलं नाही, किती वाजता आले, गाडी कोणत्या बाजूला वळली. अरुंद कॅमेरा फाटकावर असता आणि ते मागच्या बाजूनं आले असते, तर एवढंही कळलं नसतं. काय घडलं हे वाइड सांगतो, कुणी केलं हे अरुंद. आढाव्याच्या कॅमेऱ्याकडून आढावाच मागा.

१८० अंशाचं काय

आता नांदेडच्या प्रश्नाकडं. हे १८० अंशवाले कॅमेरे बहुतेक दोन भिंगांचे असतात, आतलं सॉफ्टवेअर दोन चित्रं शिवून एक लांबट चित्र बनवतं. यांची तुलना करायला एका अंशाला किती पिक्सल ते बघा. आठ मेगापिक्सलच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात आडवे ४,६०८ पिक्सल असतात, भागिले १८०, अंशाला साधारण २५. आणि चार मेगापिक्सलचा २.८ मिमीवाला? २,५६० भागिले १००, तोही २५! म्हणजे दुप्पट मेगापिक्सलचे पैसे देऊन तपशील तेवढाच, फक्त बाजूचं जास्त दिसतं. सोळा मेगापिक्सलचे आहेत, ७,६८० पिक्सलवाले, त्यात अंशाला ४२ मिळतात, ते खरंच बरे. पण फाईल मोठी होते, फोनवर रडतात.

शिवणीच्या जागी जवळचा माणूस कधी कधी अर्धा गायब होतो किंवा दुहेरी दिसतो, कारण दोन भिंगांना तो थोड्या वेगळ्या जागेवर दिसतो. लांबच्याला फरक पडत नाही. म्हणून बसवताना फ्रेमचा बरोबर मध्य तुमच्या गेटवर येऊ देऊ नका.

सपाट भिंतीच्या मधोमध, समोर मोकळं अंगण, तिथं १८० छान. इमारतीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर मात्र त्याला दोन्ही बाजू पूर्ण मिळत नाहीत, कारण तिथं बघण्यासारखे अंश २७० असतात. आणि बोळात तर घेऊच नका. नांदेडच्या जुन्या भागात अरुंद गल्ल्या आहेत, तिथं वाइड कॅमेरा लावला की डावीकडं भिंत, उजवीकडं भिंत, मध्ये चिंचोळा रस्ता. तिथं साधा ४ किंवा ६ मिमीचा घ्या आणि कॉरिडॉर मोड चालू करा, म्हणजे कॅमेरा ९० अंशांत फिरवून चित्र उभं करायचं, फोनच्या रीलसारखं. सगळे पिक्सल गल्लीच्या लांबीला कामाला येतात.

रात्र

चोऱ्या रात्रीच्या, आणि जाहिराती दिवसाच्या. बॉक्सवर ‘३० मीटर नाईट व्हिजन’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इन्फ्रारेड उजेड तिथपर्यंत कसाबसा पोचतो, चेहरा दिसतो असा नाही. वाइड कॅमेऱ्यात तोच उजेड जास्त रुंदीत पसरतो, कडा काळ्याच राहतात.

दुसरी गोष्ट शटरची. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडा ठेवतो. सेकंदाचा बारावा भाग उघडा राहिला तर चालणारा माणूस तेवढ्यात दहा-बारा सेंटीमीटर पुढं गेलेला असतो. चेहराच सोळा सेंटीमीटरचा, म्हणजे चेहरा पुसलाच. सेटिंगमध्ये शटरची मर्यादा असते, ती पंचविसाव्या भागावर आणा, चित्र थोडं गडद होईल, होऊ द्या. ॲपवाल्या स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोयच नसते, विकत घेताना विचारा.

सगळ्यात स्वस्त आणि कामाचा उपाय म्हणजे फाटकावर एक एलईडी बल्ब. खरं सांगतो, शेडवर लावलेल्या दोन बल्बांनी जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच महाग कॅमेऱ्यानं पडला नसता. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बल्ब नको, किडे येतात, किड्यांमागं कोळी, आणि कोळ्याचं जाळं इन्फ्रारेडमध्ये पांढरंफटक दिसतं. छपराच्या पांढऱ्या कडेला चिकटून कॅमेरा बसवला तरी तेच होतं, उजेड परत येतो आणि सगळं धुकं. महिन्यातून एकदा झाडूनं जाळं काढायचं, हे नानांचं काम, आणि ते इमानदारीनं करतात.

लाईट, नेट, आणि घड्याळ

लाईट जाते हे गृहीत धरा. राऊटर आणि कॅमेरा दोन्ही बॅकअपवर पाहिजेत, नुसता एक चालत नाही. १२ व्होल्टचा छोटा राऊटर यूपीएस मिळतो, तो घ्या. शेतात लाईटच नसेल तर सोलर आणि सिमवाला कॅमेरा, पण तो सहसा हालचाल झाली तरच जागा होतो, आणि जागा होईपर्यंत पहिले एक-दोन सेकंद जातात. सतत रेकॉर्डिंगचा आढावा त्याच्याकडून मिळणार नाही.

कार्डाचा हिशोब: दोन एमबीपीएसनं सतत रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसायला लागतं. गावाला गेलात आणि आठवड्यानं चोरी लक्षात आली, तर गेलं.

आणि घड्याळ. हे हसण्यावारी नेऊ नका. आपल्या शेजारच्या जालन्याचाच खटला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरला की नंतर, यावर भांडण. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर लावलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पुराव्यात आलं, प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० चा निकाल देशभर वापरला जातो: मूळ उपकरण हजर केलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात कलम ६३ खाली हेच प्रमाणपत्र, आणि त्यात फाईलची हॅश पण लिहायची. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा, एक पिक्सल बदलला तरी बदलतो.

म्हणून कॅमेऱ्याची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग करा, आणि काही घडलं तर व्हॉट्सॲपवर फिरवू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, सहा पिक्सलचे तीन होतात. कार्ड काढा, तसंच पोलिसांना दाखवा. ग्रुपवर का नाही, ते वर सांगितलंच.

वाइड कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं अंगण फुकटात येतं. आमच्या पहिल्या कॅमेऱ्यात शेजारच्या काकूंची न्हाणी येत होती, माझ्या लक्षातच नव्हतं, आईनं सांगितलं. सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करता येतो. बसवल्या दिवशीच करा, आणि शेजाऱ्यांना बोलावून फोनवर दाखवा.

खरेदी करताना अजून एक. ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडं विकायला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सुरक्षा कसोट्यांमधून जावं लागतं, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही. दुकानदाराला मॉडेलचं प्रमाणपत्र विचारा. जुना पडून राहिलेला माल स्वस्तात खपवतात. पासवर्ड मात्र तुम्हालाच बदलायचा आहे.

आता आमच्याकडं काय आहे? घराच्या कोपऱ्यावर चार मेगापिक्सल, २.८ मिमी, पूर्ण अंगण. आणि दुसरा २.८ ते १२ मिमी बदलता येणारा, फाटकावर रोखलेला, १२ च्या जवळ ठेवलाय. त्यातून फाटकाची आठ मीटर रुंदीच दिसते, पण मीटरला तीनशेच्या वर पिक्सल. बसवल्यावर रात्री नानांना फाटकावर उभं केलं आणि मी रेकॉर्डिंग बघितलं. म्हणलं, ‘नाना, तुमच्या चष्म्याची दांडी वाकडी हाय.’ ते म्हणाले, ‘ती दोन वर्सं झालं वाकडी हाय, तुला आत्ता दिसली व्हय?’

तर नांदेडच्या मित्रा, टेप घे आणि जिथं कॅमेरा बसवणार तिथून दोन्ही गेटं मोज. सगळ्यात लांबचं गेट चार-पाच मीटरच्या आत असेल, तर १८० चा कशाला, प्रत्येक बाजूला एक साधा चार मेगापिक्सलचा २.८ लाव, कोपऱ्याच्या घराला तेच जास्त पुरतं. दहाच्या पुढं असेल, तर दुकानदाराला सांग की एक आढाव्याला आणि एक गेटला. मोजून झालं की आकडा पाठव, मी हिशोब करून देतो. आणि फोटो काढताना शिडी कुणाला तरी धरायला सांग.